खोली नंबर १७ मधलं लढाऊ विमान

‘‘अगं ए, काय करलालीस हे? लहान लेकरावानी!’’

माझी रूममेट निलंग्याची आहे. तिने हा प्रश्न विचारला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी टर्मवर्कचं सबमिशन होतं, अर्धी विंग एकमेकींची जर्नल्स उतरवत होती, आणि मी टेबल लॅम्पखाली बसून नेलकटरने प्लास्टिकची चाकं कापत होते. चाकाचा व्यास मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. एक चाक उडून कॉटखाली गेलं. मग दोघी मोबाईलचा टॉर्च लावून फरशीवर पालथ्या पडलो. चाक सापडलं. रूममेटचा प्रश्न मात्र तसाच राहिला, म्हणून हा लेख.

आधी तीन नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते. सेल लागतात का? नाही. उडतं का? नाही. मग उपयोग काय? थांबा, सांगते.

या प्रकाराला स्केल मॉडेल किट म्हणतात. माझं किट स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं. खोक्यात तयार विमान नसतं. प्लास्टिकच्या काड्यांची चौकट असते आणि तिला चाळीसेक तुकडे लटकलेले असतात. सोबत एक घडीचा नकाशा आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा कागद, ज्याला डेकल म्हणतात. गोंद, रंग, ब्रश हे सगळं आपलं आपण आणायचं. एकूण खर्च मेसच्या पंधरा दिवसांच्या बिलाएवढा झाला. घरी तो ‘प्रोजेक्ट मटेरियल’ या नावाखाली दाखवला आहे. (आई, हा अंक वाचत असशील तर सॉरी.)

मेकॅनिकलवाल्यांनी ती चौकट एकदा हातात घेऊन बघावी. आपण इंजेक्शन मोल्डिंगची आकृती पाठ करतो, रनर, गेट, इजेक्टर पिन अशी नावं लिहितो आणि पाच मार्क घेतो. इथे ते सगळं बोटांना लागतं. काड्या म्हणजे रनर. तुकडा जिथे काडीला चिकटलाय तो गेट. विमानाच्या धडाच्या आतल्या बाजूला एक रुपयापेक्षा खूप लहान अशा गोल खुणा असतात, तिथे पिनांनी गार झालेला तुकडा साच्यातून ढकलून बाहेर काढलेला असतो. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे केसाएवढी रेघ राहते, ती काचपेपरने घासायची. जाड भागात प्लास्टिक गार होताना आत ओढलं जातं आणि खळगा पडतो. ओरलला सरांनी मला ‘सिंक मार्क म्हणजे काय’ विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पुस्तक नव्हतं, पंखाचं मूळ होतं.

आता स्केल. माझं किट १:७२ चं आहे. फर्स्ट इयरला ड्रॉइंगमध्ये आर.एफ. काढायचो तसंच. पण ७२ हा विचित्र आकडा का, ५० किंवा १०० का नाही? कारण हा हिशोब फूट-इंचांतला आहे. ७२ इंच म्हणजे ६ फूट, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, तो झाला १५६ मिलिमीटर. लांबी ९.१२ मीटर, ती झाली १२७ मिलिमीटर. पूर्ण विमान कंपास पेटीच्या झाकणावर मावतं, फक्त पंख बाहेर येतात.

इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने १:७२ ची प्लास्टिक किट्स आणली, तेव्हापासून हा आकडा रुळला. पुढे युद्धात याच मापाची मॉडेल्स खेळणं न राहता शिकवण्याचं साधन झाली. आकाशात ठिपका दिसला की तो आपला की शत्रूचा हे काही सेकंदांत ठरवावं लागे. म्हणून तोफेवरच्या सैनिकांना आणि वैमानिकांना छोटी मॉडेल्स दाखवून आकार ओळखायला शिकवत. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांना अशी ५ लाख लाकडी मॉडेल्स करायला सांगितली होती, तीही १:७२ च्याच मापाची. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मापाचा एक गमतीशीर भाग असा की सगळं काही ७२ ने भागता येत नाही. खऱ्या विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा साधारण एक मिलिमीटर धरला तर मॉडेलमध्ये तो ०.०१४ मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे वहीच्या कागदाच्या सातव्या हिश्श्याएवढा. एवढ्या पातळ फटीत वितळलेलं प्लास्टिक शिरणारच नाही. त्यामुळे पंखाची मागची धार जी खऱ्या विमानात सुरीसारखी असते, ती किटमध्ये अर्धा मिलिमीटर जाड येते. उलटा हिशोब केला तर खऱ्या विमानाला ३६ मिलिमीटर जाडीची बोथट धार! हे जाणकाराला लगेच दिसतं. म्हणून पंखाचे वरचे-खालचे तुकडे चिकटवण्याआधी ते आतून काचपेपरवर घासून पातळ करायचे. मी तीन संध्याकाळी तेवढंच केलं. वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब मला कधी जमला नाही, हे जमलं.

वजनाचं तर त्याहून वेगळं. लांबी ७२ ने कमी झाली की आकारमान ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी कमी होतं. स्पिटफायर मार्क १ चं उड्डाणाच्या वेळचं वजन साधारण २,८०० किलो होतं. भागाकार केला तर साडेसात ग्रॅम येतात. केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर माझं मॉडेल १९ ग्रॅम भरलं. विमान पोकळ असतं आणि मॉडेलच्या भिंती मापाच्या मानाने फार जाड असतात, त्याचा हा पुरावा.

स्पिटफायर निवडण्याचं कारण सरळ आहे. दिसायला सुंदर. आर. जे. मिचेल या इंजिनिअरच्या हाताखाली ते तयार झालं, ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं आणि पुढच्याच वर्षी मिचेल कॅन्सरने गेले. एकूण २० हजारांहून जास्त स्पिटफायर तयार झाली, पण त्यांनी पहिलीच फक्त पाहिली. पंख लंबवर्तुळाकार. पंखाच्या टोकाशी भोवरे तयार होऊन जो रोध येतो तो या आकारात कमीत कमी असतो, हे एअरोडायनॅमिक्सचं पुस्तक सांगतं. पण दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. पंख पातळही हवा होता आणि त्यात आठ मशिनगन व मिटलेली चाकंही बसायला हवी होती. लंबवर्तुळात मुळापासून बऱ्याच अंतरापर्यंत रुंदी टिकते, म्हणून जागा मिळाली. कारखान्यात मात्र या वळणांनी लोकांना रडवलं. सुंदर डिझाइन आणि सोपं उत्पादन एकत्र नांदत नाही, हे आमच्या कॉलेजच्या नव्या बिल्डिंगच्या जिन्याकडे बघूनही कळतं.

पंख धडाला सपाट लावायचे नसतात, टोकं सहा अंशांनी वर उचललेली असतात. मॉडेलमध्ये टोक साधारण ७ ते ८ मिलिमीटर वर यायला हवं. मी ड्राफ्टर काढला, पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापले, विमान त्यावर ठेवून रात्रभर वाळवलं. ड्राफ्टरचा फर्स्ट इयरनंतर झालेला हा पहिला उपयोग.

गोंदाबद्दल सांगितलंच पाहिजे कारण माझी चूक तिथे झाली. या कामाचा गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. तुकडे पॉलिस्टायरिनचे असतात. द्रव लावला की दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात, त्यांचे लांब रेणू एकमेकांत गुंततात, द्रव उडून जातो आणि तुकडा एकसंध होतो. म्हणजे हे वेल्डिंगच, फक्त उष्णतेशिवाय. मी घाईत कॉकपिटची पारदर्शक काच सुपरग्लूने लावली. सकाळी बघते तर काचेवर पांढरं धुकं! सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून घट्ट होते आणि असा पांढुरका थर येतो. पॉलिश करून थोडं गेलं, थोडं अजून आहे. वैमानिक जरा धूसर दिसतो. इंग्लंडचं हवामान, असं मी सांगते.

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग. पुढे रंगाची वेळ आली आणि गाडी भलतीकडेच वळली.

रंग द्यायचा म्हणजे ‘स्पिटफायरचा रंग’ असं काही नसतं. कोणत्या तारखेचं, कोणत्या स्क्वाड्रनचं विमान, हे आधी ठरवावं लागतं. १९४० च्या सुरुवातीला ब्रिटिश लढाऊ विमानांचं पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं असे, म्हणजे जमिनीवरच्या आपल्या लोकांनी आपल्यावरच गोळ्या झाडू नयेत. जून १९४० पासून पोटाला ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग आला. वरून मातकट आणि गडद हिरवा. बर्माच्या आघाडीवरच्या विमानांवर तर ब्रिटिश गोल खुणेतला लाल ठिपका पुसून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घाईत लाल दिसलं की गोळी सुटे. त्यामुळे तारीख चुकली की रंग चुकला.

खोक्यातल्या डेकलवर दुसऱ्याच स्क्वाड्रनची अक्षरं होती. मला जरा वेगळं काही हवं होतं म्हणून मी १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधल्या स्क्वाड्रनची यादी वाचत बसले. यादीत एक ओळ होती: १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन, स्पिटफायर. थोडं खाली: २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रन, हरिकेन.

मला आधी वाटलं दुसरं कुठलं तरी हैदराबाद असेल. नव्हतं. आपलंच. सातवा निझाम मीर उस्मान अली खान, ज्याच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं, त्याने ब्रिटिश हवाई दलाला पैसा दिला आणि त्याच्या मानार्थ या स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव मिळालं. १९३७ मध्ये ‘टाइम’ मासिकाने त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं होतं. विमानं भेट देण्याची सवय जुनीच. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये ११० नंबरच्या स्क्वाड्रनला डी.एच.९ए जातीची बॉम्बर विमानं त्यानेच दिली आणि प्रत्येकावर ‘निझामांकडून भेट’ अशा अर्थाची पाटी रंगवलेली होती. त्यातलं एक लंडनच्या हवाई दल संग्रहालयात पाटीसकट आजही उभं आहे.

१५२ स्क्वाड्रन १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल धावपट्टीवर होती. पोर्टलंडच्या नौदल तळाची राखण हे तिचं मुख्य काम. तिच्या बोधचिन्हावर निझामाचं शिरोभूषण आहे आणि ब्रीदवाक्याचा अर्थ ‘विश्वासू मित्र’. ही इंग्रजांनीच निझामाला दिलेली पदवी. पुढे हीच स्क्वाड्रन उत्तर आफ्रिका, इटली करत १९४३ च्या अखेरीस भारताच्या पूर्व सीमेवर आली आणि बर्मात जपान्यांशी लढली. तिथे तिच्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा चित्ता रंगवलेला असे.

माझ्या विमानावर कोणती अक्षरं रंगवायची ते ठरलं. १५२ ची खूण होती ‘यू एम’. डेकल नव्हते, तेव्हा शून्य नंबरच्या ब्रशने हाताने काढली. ‘एम’ जरा उजवीकडे झुकला आहे.

आता पोटाचा रंग. ‘स्काय’ची बाटली मागवली आणि हा रंग आला कुठून म्हणून वाचायला बसले. (सबमिशनच्या आठवड्यात माणूस काहीही वाचतो.) तर त्यामागे निघाला सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक, अतिशय हुशार आणि कुणाचंही न ऐकणारा. १९३९ मध्ये त्याने ब्रिटिशांना पटवलं की हवाई फोटो काढायला मोठं सशस्त्र विमान नको, सगळ्यात वेगवान विमान हवं. त्याने स्पिटफायरमधल्या बंदुका काढून कॅमेरे बसवले, पत्र्याच्या फटी बुजवून पॉलिश केलं आणि विमान आकाशात दिसू नये म्हणून फिकट हिरवट रंग दिला. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचं तसल्या रंगाचं विमान उडालं आणि पाहता पाहता आकाशात नाहीसं झालं, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. त्या रंगाला त्याने ‘कॅमोटिंट’ नाव दिलं. त्याच्यापासूनच हवाई दलाचा ‘स्काय’ आला आणि जून १९४० मध्ये सगळ्या लढाऊ विमानांच्या पोटाला लागला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात वरिष्ठांनी वैतागून कॉटनला त्याच्याच युनिटमधून काढून टाकलं.

त्याची गोष्ट इथे संपली असती तर मी ती लेखात घेतलीच नसती. पण हा माणूस आठ वर्षांनी आपल्याकडे येतो.

१९४७ ला भारत स्वतंत्र झाला, निझाम सामील व्हायला तयार नव्हता. संस्थान चहूबाजूंनी भारताने वेढलेलं, समुद्र नाही, बंदर नाही, शस्त्रं आणायची कुठून? तर आकाशातून. १९४८ मध्ये हैदराबादने हे काम सिडनी कॉटनला दिलं. लँकेस्टर बॉम्बरचीच नागरी आवृत्ती असलेली लँकेस्ट्रियन जातीची चार इंजिनांची विमानं घेऊन तो कराचीहून निघे आणि रात्री भारतावरून उडत जाऊन बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रं उतरवी. नंतर लंडनला त्याच्यावर खटला चालला आणि दंड झाला २०० पौंड. म्हणजे माझ्या स्पिटफायरवरचं नाव निझामाचं आणि पोटाला लागलेला रंग निझामाच्या शस्त्र-तस्कराचा. बाटली हातात धरून मी किती तरी वेळ नुसती बसून होते. रूममेट म्हणाली, ‘‘झोप आता, उद्या वायवा आहे.’’

कॉटनच्या त्या शस्त्रांनी फार काही साधलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखालचं सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरलं. पहिली लढाई कुठे झाली? नळदुर्गला. आपण पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला आणि पाणीमहालात फोटो काढायला जातो, त्या नळदुर्गला. सोलापूर–हैदराबाद रस्ता तिथे बोरी नदी ओलांडतो. तो पूल उडवण्याची कामगिरी दिलेला एक भाडोत्री इंग्रज पकडला गेला आणि पूल शाबूत हाती आला. नदीला पाणी होतं, पूल गेला असता तर रणगाडे अलीकडेच अडकले असते. सकाळी ९ ला जळकोट, दुपारी सव्वातीनला उमरगा. दुसरी तुकडी त्याच पहाटे तुळजापूरला पोचली, तिथे दोन तास लढाई झाली. दुसऱ्या दिवशी उस्मानाबाद शहरात गल्लीबोळांतून रझाकारांशी चकमकी झाल्या. त्याच १४ तारखेला उमरग्याहून पूर्वेला राजेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्या तुकड्या विमानांतून दिसल्या, तेव्हा भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं बोलावली गेली आणि त्यांनी रस्ता मोकळा केला. या मोहिमेसाठी टेम्पेस्टच्या दोन स्क्वाड्रन पुण्याला तयार ठेवल्या होत्या. १७ तारखेला निझामाने शरणागती पत्करली. म्हणूनच १७ सप्टेंबरला आपल्याला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सकाळी सातला ग्राउंडवर उभं करतात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या तारखा माझ्या अजून पाठ आहेत. या मोहिमेला आमच्या पुस्तकात दीड ओळ होती, नळदुर्गचं नाव नव्हतं. आणि माझं गाव उमरग्याजवळचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मॉडेल बुटाच्या खोक्यात कापसात गुंडाळून एस.टी.ने गावी नेलं. आजोबांना दाखवायचं होतं. १९४८ ला ते आठ वर्षांचे होते आणि ‘आम्ही इमानं बघितली’ हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. कधी जास्त विचारलं नव्हतं.

आजोबांनी चष्मा लावला, मॉडेल तळहातावर घेतलं, खिडकीकडे धरलं. खालून बघितलं, परत वरून बघितलं.

‘‘हे न्हवं,’’ ते म्हणाले.

‘‘काय नव्हे?’’

‘‘आमी बघितलं ते हे न्हवं गं. ह्याचं तोंड बघ कसं निमुळतं, गाजरावानी. त्याचं असं न्हवतं. त्याचं तोंड बोथाट, हंड्याच्या बुडावानी गोल. आन् आवाज असा की छातीत भरायचा. आमी तुरीत पालथं पडलो. माझ्या आईनं पाठीवर हात दाबून धरला हुता.’’

आता हे इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते. स्पिटफायरमध्ये रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, बारा सिलिंडर दोन रांगांत इंग्रजी ‘व्ही’सारखे, पाण्याने आणि ग्लायकोलने थंड होणारं. रांगा लांबट, म्हणून नाक लांब आणि निमुळतं. भारताकडची टेम्पेस्ट मार्क २ जातीची होती. त्यात ब्रिस्टलचं सेंटॉरस इंजिन, अठरा सिलिंडर वर्तुळात लावलेले, हवेने थंड होणारं. अठरा सिलिंडर गोलात लावायचे तर पुढून तोंड मोठं, गोल आणि बोथट होणारच. ताकदही मर्लिनच्या सुरुवातीच्या इंजिनाच्या दुप्पट, अडीच हजार अश्वशक्तीच्या आसपास. पंखात २० मिलिमीटरच्या चार तोफा. हे विमान तयार होईपर्यंत महायुद्धच संपलं, आणि ब्रिटिशांकडची अशी ८९ विमानं १९४७ च्या सुमारास भारताकडे आली. गाजर आणि हंडा हा फरक वॉटर कूलिंग आणि एअर कूलिंगचा आहे.

आठ वर्षांच्या मुलाची आठवण, तीही पाऊणशे वर्षांनंतरची, हा कोर्टात चालणारा पुरावा नाही हे मलाही कळतं. पण मी त्यांना इंजिनाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, टेम्पेस्टचा फोटोही दाखवला नव्हता. नंतर मोबाईलवर पाच वेगवेगळ्या विमानांचे पुढून काढलेले फोटो एकामागून एक दाखवले. चौथ्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. युद्धात तोफेवरच्या सैनिकांना १:७२ च्या मॉडेलवर जे शिकवत, ते आजोबा तुरीच्या शेतात पालथे पडून शिकले होते.

मग मी त्यांना ‘यू एम’ अक्षरांचा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला.

‘‘निजामाचं इमान? आन् ते तू घरात आणलीस?’’

मी म्हणाले, ‘‘आजोबा, हे हिटलरविरुद्ध लढलं.’’

‘‘लढलं असंल. पैका कुणाचा? आमच्या बापानं भरलेल्या साऱ्याचाच ना? तिकडं लंडन राखलं आन् हितं रजाकार घरं जाळलाले, तवा हे कुठं हुतं?’’

मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही. वॉर्मवेलहून उडालेल्या मुलांचा यात काही दोष नव्हता, त्यातली बरीचशी माझ्याच वयाची होती, काही परत आली नाहीत. आणि आजोबांचं म्हणणंही खोटं नाही. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, ‘‘इमानं गेल्यावर जे झालं ते बी वाईटच. आपल्याच गावातली चार घरं रातीतून रिकामी झाली. मुसलमानाची. माझ्यासंगं गोट्या खेळणारा पोरगा हुता त्यात.’’ पुढे ते बोलले नाहीत. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने त्या दिवसांत सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. हे मी परत हॉस्टेलवर आल्यावर वाचलं.

मॉडेल सध्या खोलीतल्या कपाटावर आहे. बरेच जण लांबून बघतात आणि रंग फार फिका झालाय म्हणतात. तो मुद्दाम तसा ठेवलाय. तीस सेंटिमीटरवरून मॉडेल बघणं म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून बघणं, आणि अंतर वाढलं की मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो. म्हणून रंगात थेंबभर पांढरा मिसळायचा. हे कुणी सांगत नाही, दोन विमानं बिघडवल्यावर कळतं.

टेम्पेस्टचं किट मागवलं आहे, १:७२ चंच. पंख १७४ मिलिमीटर भरतील. आजोबांचा दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न ‘जेवलीस का’ नसतो, ‘आलं का इमान’ असतो. तोंड गोल झालं पाहिजे, अशी त्यांची एकच अट आहे. खरे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायचे असतील तर दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, तिथे स्पिटफायर आणि टेम्पेस्ट दोन्ही आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी दिल्लीचा प्रस्ताव द्यावा, असं मी विभागप्रमुखांना सुचवून ठेवलं आहे. सरांनी नुसतं ‘बघू’ म्हटलंय.

‘स्काय’ची बाटली निम्मी शिल्लक आहे. आणखी साताठ विमानांची पोटं त्यात सहज रंगतील. कुणाला करून बघायचं असेल तर खोली नंबर १७, मेस सुटल्यानंतर. ब्रश स्वतःचा आणायचा, आणि नेलकटर मिळणार नाही, त्याची धार गेली आहे.